टायटर किती आलं?

कोविडची दुसरी लाट ओसरली आणि आमच्या रुग्णालयात टायटरची साथ आली. टायटर म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी रक्तात किती आहेत त्याचा आकडा. २०२१ चा जून संपत आला होता. एप्रिल-मेमध्ये ज्यांना डबा उघडायची फुरसत नव्हती, तीच माणसं आता कॅन्टीनमध्ये बसून एकमेकांना मोबाइलवर रिपोर्ट दाखवत होती. ‘तुझं किती आलं?’ हेच पालुपद ओपीडीपासून औषधांच्या स्टोअरपर्यंत. हाडांच्या सरांचं दोन हजारांच्या वर. डायलिसिसच्या सिस्टरचं बाराशे. आयसीयूत सलग नाइट केलेल्या एका ब्रदरचं मात्र एकशे दहा. तो चेहरा पाडून माझ्याकडे आला. “सिस्टर, माझी लस वाया गेली का?”

मी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. म्हणजे हात धुतले का, सुई कुठे टाकली, कुठल्या पिशवीत काय गेलं हे बघत वॉर्डावॉर्डातून फिरणारी, आणि त्यामुळे कुणालाच फारशी न आवडणारी बाई. स्टाफच्या लसींची रजिस्टरं माझ्याकडे असतात. म्हणून हे सगळे रिपोर्ट फिरून फिरून माझ्याच टेबलावर येत होते.

त्या ब्रदरचा रिपोर्ट नीट वाचला तर खाली बारीक अक्षरात होतं: ५० च्या पुढे पॉझिटिव्ह. डायलिसिसच्या सिस्टरचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा. त्यावर होतं: ०.८ च्या पुढे पॉझिटिव्ह. यंत्र वेगळं, किट वेगळं, एकक वेगळं. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, पण एकाशेजारी दुसरा ठेवून कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवण्यात काडीचा अर्थ नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्येच एक आंतरराष्ट्रीय मानक ठरवून दिलं होतं, सगळ्या यंत्रांचे आकडे एका मापात आणता यावेत म्हणून. आमच्या हातात पडणाऱ्या कागदांवर ते माप क्वचितच छापलेलं असायचं.

बिलिंगमधल्या एका मुलीचा रिपोर्ट तर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ आला. दोन डोस घेऊन शून्य. रडकुंडीला आली बिचारी. बघितलं तर लॅबने विषाणूच्या आतल्या भागाविरुद्धची, न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धची, अँटिबॉडी तपासली होती. कोविशील्ड शरीराला फक्त विषाणूचं बाहेरचं काटेरी प्रथिन दाखवते, स्पाइक. जे दाखवलंच नाही त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी येणार कुठून? ती तपासणी लसीसाठी नव्हतीच, कोविड प्रत्यक्ष होऊन गेला का हे बघण्यासाठी होती. (कोव्हॅक्सिनचं निराळं. त्यात अख्खा निष्क्रिय विषाणूच असतो.) म्हणजे खरं तर तिचा रिपोर्ट सांगत होता की ती दोन्ही लाटांतून बहुधा सुटली. हे मी तिला दोनदा समजावलं. तिला पैसे गेल्याचं दुःख जास्त होतं.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९ मे २०२१ रोजीच सांगून टाकलं होतं की लस घेतल्यावर आपलं संरक्षण किती आहे हे ठरवायला अँटिबॉडीची तपासणी वापरू नका. आमच्याकडे त्या महिन्यात कुणी काही वाचायच्या मनःस्थितीत नव्हतं. आणि वाचलं असतं तरी फरक पडला असता असं मला वाटत नाही. लाटेत आपल्याच कॉलेजातली, आपल्याच बॅचची माणसं गेली होती. हातात धरायला काहीतरी हवं होतं. आकडा हातात धरता येतो.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. पहिली रांग आरोग्य कर्मचाऱ्यांची. आमच्याकडे लस थोडी उशिरा आली. याद्या कोविन ॲपवर आधीच चढवल्या होत्या, तरी रोज निम्मी नावं गायब. कुणाला निरोपच नाही, कुणी गावाला गेलेलं, आणि बरेच जण ‘आधी दुसरे घेऊ देत’ म्हणून लांबून बघणारे. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. दुपारी तीनला सात माणसं बाकावर आणि आठवा-नववा-दहावा शोधत मी जिन्यावरून खालीवर करतेय, अशी ती दुपार मला आठवते. लस घेऊन अर्धा तास बसायचं. त्या अर्ध्या तासात सगळ्यांना सगळं व्हायचं: गरगरणं, घशात अडकल्यासारखं, हाताला मुंग्या. रात्री मात्र खरा ताप, कणकण. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर अर्धा वॉर्ड पॅरासिटामॉलवर.

दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी, हा तेव्हाचा नियम. १३ फेब्रुवारीपासून ते डोस सुरू झाले आणि आम्ही बहुतेकांनी मार्च संपायच्या आत दोन्ही उरकले. पुढे मार्चमध्ये कोविशील्डमधलं अंतर सहा ते आठ आठवड्यांवर गेलं आणि मेमध्ये बारा ते सोळा आठवड्यांवर. लोक तेव्हा म्हणाले की लस कमी पडली म्हणून अंतर वाढवलं. तुटवडा होता हे खोटं नाही. पण ऑक्सफर्डच्या (कोविशील्ड मूळची तिथलीच) चाचण्यांची आकडेवारीही तेच सांगत होती: दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिले तर परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, बारा आठवडे किंवा जास्त थांबलं तर सुमारे ८१ टक्के. थोडक्यात, जे सगळ्यात आधी रांगेत उभे राहिले त्यांनाच सगळ्यात आखूड अंतर मिळालं. तक्रार म्हणून सांगत नाही. त्या एप्रिलमध्ये डेल्टा आला तेव्हा लशीशिवाय बसण्यापेक्षा दोन डोस झालेले असणं कितीतरी बरं होतं, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने स्वतःच्याच कर्मचाऱ्यांवर दाखवून दिलं. तिथल्या सुमारे साडेदहा हजारांपैकी नऊ हजारांच्या आसपास लोकांनी लस घेतली होती, बहुतेकांनी कोविशील्ड. दोन डोस झालेल्यांत संसर्ग टळण्याचं प्रमाण ६५ टक्के, भरती टळण्याचं ७७, ऑक्सिजन टळण्याचं ९२, आयसीयू टळण्याचं ९४.

हे चार आकडे मी तेव्हा एका कागदावर लिहून नोटीस बोर्डाला लावले होते. कुणाचंही लक्ष पहिल्या आकड्यावरच जायचं. “पासष्टच?” मी म्हणायचे, उलट्या बाजूने वाचा. शेवटून.

अँटिबॉडी किती दिवस टिकतात, हा प्रश्न आमच्या कॅन्टीनमध्ये चालू होता तसाच तो इस्रायलमध्ये आणि इंग्लंडमध्येही चालू होता, आणि तिथेही उत्तर शोधायला पहिल्यांदा रुग्णालयातली माणसंच हाताशी होती. ती एका जागी सापडतात, सगळ्यात आधी लस घेतात, दर महिन्याला रक्त द्यायला तयार होतात आणि रोज विषाणूच्या तोंडी जातात. इस्रायलच्या शेबा मेडिकल सेंटरने ४,८६८ कर्मचाऱ्यांचा सहा महिने पाठपुरावा केला. लस फायझरची. त्यात एकूण आयजीजी, म्हणजे रक्तात सगळ्यात जास्त असणाऱ्या प्रकारची, अँटिबॉडी एका संथ लयीत उतरत राहिली आणि सहा महिन्यांत सुमारे अठरा पटींनी कमी झाली. विषाणूला प्रत्यक्ष निष्प्रभ करणारी जी अँटिबॉडी असते, ती पहिले तीन महिने झपाट्याने उतरली, नंतर उतरण्याचा वेग मंदावला. सहा महिन्यांत घट चौपटीच्या आसपास. बायकांपेक्षा पुरुषांत कमी, तरुणांपेक्षा पासष्टीच्या पुढच्यांत कमी. (पुरुषांचं कमी, हे मी कॅन्टीनमध्ये मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं होतं.)

इंग्लंडमध्ये सायरेन नावाचा मोठा अभ्यास चालू होता, पस्तीस हजारांहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांचा, ठरावीक दिवसांनी नाकातले स्वॅब घेऊन. म्हणजे नुसतं रक्तातलं नव्हे, संसर्ग खरंच होतोय का हे बघणारा. फायझरचे दोन डोस लांब अंतराने घेतलेल्यांत पहिले दोन-अडीच महिने संरक्षण ८५ टक्के होतं, साडेसहा-सात महिन्यांनी ते ५१ टक्क्यांवर आलं. पण ज्यांना आधी कोविड होऊन गेला होता आणि वर लसही झाली होती, त्यांचं संरक्षण वर्ष उलटून गेल्यावरही नव्वदच्या वर राहिलं.

आमच्या ब्रदरला एप्रिलमध्ये कोविड झाला नव्हता. हाडांच्या सरांना झाला होता. दोन हजारांचं गुपित तेवढंच. सर ते कुणाला सांगत नव्हते.

आता आकडा उतरतो म्हणजे नेमकं काय होतं? लस टोचली की पहिल्या काही आठवड्यांत शरीर घाईघाईने प्लाझ्मा पेशींची फौज उभी करतं. या पेशी अँटिबॉडी ओततात आणि त्यांतल्या बहुतेक थोड्याच काळात मरतात. रक्तात असलेली आयजीजी साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मी होते. तेव्हा ओतणारे कमी झाले की आकडा उतरणारच. तो उतरला नसता तर काळजी करायची. जन्मापासून झालेल्या प्रत्येक सर्दीच्या अँटिबॉडी आपण पूर्ण ताकदीने रक्तात वागवत राहिलो असतो तर रक्ताचा पाक झाला असता.

गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात दोनशे पोरं असतात. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी मांडवात कुत्रं फिरत नाही. पण वर्गणीची वही कुणाकडे आहे, लाइटवाला कोण, ट्रकवाल्याला किती वाजता फोन करायचा हे माहीत असलेले चार-सहा जण गल्लीतच राहत असतात. शरीरात दोन प्रकारचे लोक असे मागे राहतात. काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत जाऊन मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटिबॉडी सोडत राहतात. आणि स्मृतिपेशी काहीच सोडत नाहीत, नुसत्या फिरत राहतात. ओळखीचा शत्रू दिसला की काही दिवसांत पुन्हा फौज उभी करतात. रक्त तपासणीत पहिल्यांची थोडीफार नोंद होते. दुसऱ्यांची होतच नाही. आठशे रुपयांच्या रिपोर्टवर त्यांच्यासाठी रकानाच नाही.

ही स्मृती किती टिकू शकते याची जुनी गोष्ट मला फार आवडते. फेरो बेटांवर, उत्तर अटलांटिकमध्ये, १८४६ साली गोवर आला. तिथल्या सुमारे ७,८०० वस्तीपैकी सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. घरोघर फिरताना त्याच्या लक्षात आलं की काही म्हातारी माणसं ठणठणीत आहेत. चौकशी केली तर ती सगळी १७८१ च्या गोवरात लहानपणी आजारी पडलेली. मधली पासष्ट वर्षं बेटांवर गोवर नव्हताच. कुठलं टायटर, कुठली लॅब. पासष्ट वर्षं ती स्मृती शाबूत होती.

मग कोविडच्या वेळी ही स्मृती कुठे गेली? हा प्रश्न मला खूप दिवस छळत होता. त्याचं उत्तर मला कोविडच्या वाचनात मिळालं नाही, माझ्याच कपाटातल्या जुन्या रजिस्टरात मिळालं.

ते रजिस्टर हिपॅटायटिस बीचं, रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराचं. कोविडच्या आधी कित्येक वर्षं ‘टायटर’ हा शब्द आमच्याकडे फक्त त्याच्यासाठी वापरला जायचा. बाधित रुग्णाची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन, हिपॅटायटिस सीची शंभरात दोनच्या आसपास, आणि बीची, लस घेतलेली नसेल आणि रुग्ण जोरात संसर्गजन्य असेल तर, शंभरात तीसपर्यंत. लोक घाबरतात एचआयव्हीला. वॉर्डात सुई टोचली की मुलगी धावत येते ती ‘पेशंटचं एचआयव्ही बघा’ म्हणत. मी आधी विचारते, हिपॅटायटिसचे तीन डोस झालेत का? बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलाच्या कडेवर, आठवडाभर जिवंत राहतो.

डोस तीन: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत टायटर बघायचं. १० किंवा जास्त आलं की ती व्यक्ती सुरक्षित. इथे एकक ठरलेलं, उंबरठा ठरलेला. कोविडसारखा गोंधळ नाही. आणि डोस दंडातच द्यायचा. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही रुग्णालयांनी कर्मचाऱ्यांना ढुंगणावर ही लस दिली आणि टायटरच चढेना, कारण लस स्नायूऐवजी चरबीत जात होती. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते, कारण आजही एखादी लाजरी मुलगी बाही वर करायला तयार नसते.

आता गंमत अशी की १० च्या वर गेलेलं टायटरही उतरतं. दहा-पंधरा वर्षांनी तपासलं तर कित्येकांचं १० च्या खाली सापडतं. अलास्कात १९८१ साली लस दिलेल्या लोकांना तीस वर्षांनी गाठलं, तेव्हा मधे एकही जादा डोस न घेतलेल्यांपैकी निम्म्यांचंच, ५१ टक्क्यांचं, टायटर १० च्या वर होतं. उरलेल्यांपैकी जे सापडले त्यांना एकेक डोस देऊन महिन्याने पाहिलं तर ८८ टक्क्यांचं टायटर पुन्हा वर. स्मृती जागच्या जागी होती. म्हणून अमेरिकेतला नियम असा की एकदा १० गाठलेल्या निरोगी कर्मचाऱ्याला नंतर आकडा उतरला तरी बूस्टर लागत नाही. आपल्याकडे काही ठिकाणी अजूनही दर पाच वर्षांनी सरसकट बूस्टर देतात. नुकसान काही नाही, पण ज्यांचे तीनही पूर्ण झालेले नाहीत त्यांच्यावर तो खर्च झाला तर मला जास्त बरं वाटेल.

तर मग बी मध्ये आकडा शून्यावर गेला तरी चालतं आणि कोविडमध्ये का चालत नाही? वेळ. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते सहा महिने घेतो. स्मृतिपेशींना जागं होऊन फौज उभी करायला आठवडा पुरतो. शत्रू दारात येईपर्यंत इकडे तयारी होऊन गेलेली असते. कोविडचा विषाणू नाकाघशात बसतो आणि चार-पाच दिवसांत काम उरकतो. ओमायक्रॉनला तर तीनच दिवस पुरले. स्मृती जागी होते, पण ती होईस्तोवर नाक गळायला लागलेलं असतं. फुप्फुसापर्यंत पोचायला विषाणूला जो जादा वेळ लागतो तेवढ्यात मात्र ती पोचते. म्हणून वेल्लोरचे आकडे चढत गेले होते, पासष्टपासून चौऱ्याण्णवपर्यंत. २०२१ मध्येच एका गटाने निरनिराळ्या लसींच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला: कोविड होऊन बऱ्या झालेल्यांच्या रक्तात जेवढी निष्प्रभ करणारी अँटिबॉडी असते, तिच्या पाचव्या हिश्शावर लक्षणांपासून निम्मं संरक्षण मिळतं, गंभीर आजारापासून तेवढंच संरक्षण मिळवायला तीन टक्के पुरतात.

म्हणजे ‘अँटिबॉडी किती दिवस टिकतात’ याला एक उत्तर नाहीच. कशापासून वाचायचंय ते आधी सांगा. सर्दीतापापासून, तर काही महिने. ऑक्सिजनपासून, तर कितीतरी जास्त. ब्रदरला मी हे तेव्हा इतक्या नीट सांगू शकले नव्हते. सांगितलं होतं इतकंच की लस वाया गेलेली नाही, जेवून घे.

२०२२ च्या जानेवारीत हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडलं. २५ डिसेंबरला प्रिकॉशन डोसची घोषणा झाली, १० जानेवारीपासून सुरुवात, पुन्हा आरोग्य कर्मचारी पहिले. अट: दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले हवेत. आमच्यातल्या बहुतेकांचे नऊ महिने डिसेंबरच्या आतच भरले होते. डोस आला तेव्हा ओमायक्रॉनही येऊन बसला होता. मुंबईत निवासी डॉक्टर शेकड्यांनी पॉझिटिव्ह होत होते. आमच्याकडे रोज सकाळी ड्यूटी चार्ट फाडून नवा करायचा. पहिल्या लाटेत एक जण पॉझिटिव्ह आला की वॉर्डात स्मशानशांतता पसरायची. आता फोन यायचा, “सिस्टर, दोन रेघा आल्यात, पाच दिवस नाही येत,” आणि मागे टीव्हीवर सिरियल चालू. हाडांचे सर, डायलिसिसच्या सिस्टर, ब्रदर, बिलिंगमधली मुलगी, सगळे त्या महिन्यात आडवे झाले. एकशे दहावालाही आणि दोन हजारवालाही. आमच्या स्टाफपैकी ऑक्सिजन कुणालाच लागला नाही. कॅन्टीनमधली टायटरची चर्चा त्यानंतर बंद पडली, ती आजतागायत.

माझं रजिस्टर मात्र चालू आहे, आणि त्यात एक नवं कोडं येऊ घातलंय. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या बाळांना नियमित लसीकरणातून मिळू लागली २०११ पासून. ती बाळं आणखी तीन-चार वर्षांत नर्सिंगला येतील. त्यांचं टायटर आम्ही काढू आणि पुष्कळांचं १० च्या खाली येईल. आता हिला बाळपणी अँटिबॉडी आली होती आणि उतरली, की मुळात आलीच नव्हती? आकडा दोन्हीकडे सारखाच. मार्ग सोपा आहे: एक डोस द्यायचा आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं. स्मृती असेल तर आकडा उसळून वर येतो, नसेल तर उरलेले डोस पूर्ण करायचे. सोपा आहे, पण त्यासाठी त्या मुलीचं बाळपणीचं लसीचं कार्ड हवं, आणि ती मुलगी दोन महिन्यांनी त्याच रुग्णालयात हवी.

दुसरी अट वाटते तेवढी सोपी नाही. विद्यार्थिनींचं एक वेळ जमतं. खरी अडचण सफाईच्या मावश्या आणि मामांची. सुई टोचण्याच्या माझ्या नोंदी काढल्या तर डॉक्टर आणि सिस्टर यांच्यानंतर नाव येतं त्यांचंच, आणि त्यांना टोचते ती दुसऱ्या कुणी तरी चुकीच्या जागी टाकलेली सुई. पांढऱ्या डब्यात जायला हवी ती पिवळ्या पिशवीत जाते आणि पिशवी उचलणाऱ्याच्या मांडीत घुसते. कुठल्या पेशंटची सुई, कधीची, काहीच कळत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट आहेत: रुग्णालयाने आपल्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. ‘इतरांनाही’ नियमात आहे. कंत्राटात ते कसं बसवायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिसरा डोस सहा महिन्यांनी येतो आणि तोवर एजन्सी बदललेली असते, किंवा एजन्सी तीच पण माणसं दुसऱ्या साइटवर पाठवलेली. माझ्या रजिस्टरात पहिल्या डोसचा रकाना भरगच्च, दुसऱ्याचा बरा, तिसऱ्याचा ओसाड, आणि चौथा रकाना, टायटरचा, जवळजवळ कोरा. मानांकनाच्या तपासणीला येणारे लोक कायम कर्मचाऱ्यांची फाइल मागतात. ती चोख असते.

कोविडच्या वेळी हे वेगळं झालं होतं, हे कबूल करायला हवं. कोविनच्या यादीत सफाईवाले आमच्या बरोबरीने होते, डोस फुकट होता, दुसऱ्या डोसचा मेसेज थेट त्यांच्या मोबाइलवर जायचा, आणि गाव बदललं तरी दुसरीकडे घेता यायचा. साइट बदलणाऱ्या माणसाच्या मागे त्याची नोंद गेली. हिपॅटायटिसला असं काही केलं तर बिघडेल कुणाचं? २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लशीची सोय त्यात आहे. अडतं ते तिसऱ्या डोसच्या दिवशी ती बाई कुठे आहे, यावर.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडून दुसरीकडे पाठवलेल्या एक मावशी कार्ड घेऊन आल्या. पिशवीतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. दोन डोस झालेले, तिसऱ्याची तारीख उलटून वर्ष झालेलं. नव्या जागी त्यांना सुई टोचली होती आणि तिथे कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून बसने आल्या. “सिस्टर, आता पहिल्यापासून घ्यावं लागेल का?”

नाही लागत. डोस लांबला तरी मोजणी तिथूनच पुढे सुरू होते, आधीचे दोन फुकट जात नाहीत. एकदा बेसलाइनचं, म्हणजे पुढच्या तपासणीशी ताडून बघायला आजचं, रक्त घेतलं, दंडात तिसरा डोस दिला, एचआयव्हीच्या औषधांसाठी कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांशी बोलले. टायटर आता दोन महिन्यांनी बघायचं, असं सांगून कार्डावर तारीख घातली.

मावशींनी तारीख वाचली. म्हणाल्या, “तोवर मी कुठल्या साइटवर असेन ते तुम्हीच सुपरवायझरला विचारा. मला कोण सांगतंय?”

मी नंबर मागितला. त्यांनी मोबाइल काढून शोधला. दोन सुपरवायझर सेव्ह होते, एक जुना, एक नवा. दोन्ही उतरवून घेतले आणि त्याच दुपारी फोन लावला. जुन्याचा बंद होता. नव्याने उचलला आणि विचारलं, कुठली मावशी?